तात्यांच्या दारची भुतं

आमच्या शेजारच्या तात्यांना चहा द्यायचा असेल तर आधी उत्तर तयार ठेवावं लागतं. कप हातात घेतील, चहा बशीत ओततील, बशी ओठापाशी नेतील आणि तिथंच थांबतील. "बाई, पाव्हण्याला च्याच कावून देत्यात? मूळ काय हाय ह्याचं?"

आता सकाळची वेळ. मला शाळेत शिकवायला जायचंय, कुकर बोंबलतोय, चिमीची एक वेणी झालीय आणि दुसरी माझ्या मुठीत आहे. अशा वेळी मी चहाचं मूळ कुठून आणू? मी म्हणते, "इंग्रजांनी लावली सवय. प्या आता गपगुमान." तर म्हणतात, "इंग्रजांच्या आदी काय देत व्हते?" "गूळ-पाणी." "मग ते कावून सोडलं?" तोवर बशीतल्या चहावर साय धरलेली असते. मग तोच गार चहा पिऊन "लई चांगला झालाय" म्हणतात आणि निघून जातात. मी शाळेत पोरांना भागाकार शिकवत असते आणि डोक्यात चाललेलं असतं, खरंच का सोडलं असेल गूळ-पाणी?

तात्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. बीडहून पालीकडं जाताना डाव्या हाताला आमची कॉलनी लागते. तात्या आष्टीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बाप, चुलते सगळे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं बाहेर पडायचे. घरात तात्या तेवढे शिकले आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात लागले. उभं आयुष्य गाईम्हशींच्या पोटाला कान लावण्यात गेलं. मूळ शोधायची खोड तिथलीच, असं ते स्वतःच सांगतात. "जनावराला बोलता येत न्हाई. मग मूळ आपुनच हुडकावं लागतं." मी एकदा म्हटलं, "माणसाला तर बोलता येतं ना हो तात्या." तर म्हणाले, "बोलतं माणूस. सांगत न्हाई."

त्यांच्या या खोडीपायी आमच्या ह्यांनी भर उन्हात हेल्मेट घालून घामाच्या धारा काढल्यात. नवी गाडी आणली होती. मी ओवाळलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. हे किक मारणार एवढ्यात तात्या भिंतीवरून ओरडले, "थांबा! लिंबू कावून चिरडायचं, मालूम हाय का?" कोणाला मालूम? आमच्या सात पिढ्यांनी विचारलं नसेल. तात्यांनी लगेच गावाकडच्या कुठल्याशा म्हाताऱ्याला फोन लावला. म्हातारा झोपला होता. त्याला उठवा, मग त्याला ऐकू येईना, मग त्यानं तात्यांच्याच घरच्यांची खुशाली विचारायला सुरुवात केली. हे गाडीवर बसलेलेच. शेवटी म्हाताऱ्यानं सांगितलं, "चिरडत्यात म्हनून चिरडायचं." तात्यांचं काही समाधान झालं नाही.

"अहो, काय फरक पडतो?" मी वैतागून म्हटलं.

"मूळ मालूम नसलं आन् आपल्या हातून उलटं झालं तर?"

"तर काय होईल?"

"तेच तर मालूम न्हाई ना, बाई! फिकर तीच हाय."

फिकर हा तात्यांचा दुसरा शब्द. दूधवाला जरा उशिरा आला की याला कुठं गाडीनं उडवलं तर नाही ना, याची फिकर. मला शाळेतून यायला वेळ झाला की फाटकात उभे. मी समोर दिसते, तरी विचारतात, "पोचलात का?" मी म्हणते, "नाही तात्या, अजून रस्त्यातच आहे." त्यावर हसत नाहीत. आकाश भरलं की फिकर, नाही भरलं की फिकर. आधी मला याचं हसू यायचं. काकू गेल्यापासून मात्र हसू येईनासं झालं.

काकू म्हणजे तात्यांच्या मालकीण. बारीक अंगाच्या, पाय न वाजवता चालणाऱ्या. मागच्या वर्षी दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. तात्यांना त्यांच्या आजाराचं मूळ शोधायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

दहाव्याला बिंदुसरा नदीच्या घाटावर आम्ही सगळे जमलो. पिंड ठेवले आणि बाजूला झालो. झाडावर ढीगभर कावळे, पण एकही खाली येईना. मग सुरू झालं ते नेहमीचं. मुलगा पुण्याला कंपनीत असतो, तो हात जोडून म्हणाला, "आई, तात्यांना मी अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. सून म्हणाली, "तुमच्या साड्या मी जपून वापरीन." ढिम्म. काकूंचा भाऊ पुढं झाला, "अक्का, बांधावरचं भांडण मिटवतो." एक कावळा हलला. सगळ्यांनी श्वास धरला. तो उडाला आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसला. भाऊ जरा खट्टूच झाला.

"तात्या, तुमी बोला की. तुमच्याच मनातलं काय तरी राहिलं असंल," कोणीतरी म्हणालं.

तात्यांनी हात जोडले. तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. उन्हानं डोकं तापलं तरी ते तसेच उभे. शेवटी बोलले ते एवढंच, "खा की." एखाद्या आजारी गाईपुढं पेंड ठेवून म्हणावं तसं. कावळा काही आला नाही. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि मंडळी आंघोळी करून जेवायला गेली.

तात्यांनी ते कधी मानलंच नाही. "गवताचा कावळा, बाई. गवताला भूक असती का?" आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. काकू उपाशी आहेत. काहीतरी राहिलंय त्यांचं, आणि काय राहिलंय ते कळत नाही.

रोज सकाळी गच्चीवर भाकरी टाकायला लागले. कावळे यायचे, तुटून पडायचे. मी म्हटलं, "बघा, खातायत ना?" तात्यांनी मान हलवली. "हे रोजचे गिऱ्हाईक. ह्यांचं काय खरं न्हाई." पितृपक्षाची वाट बघत बसले, तर भटजींनी सांगितलं, पहिलं वर्ष व्हायच्या आत काकूंना पित्रात घालता येत नाही. तात्या तडक माझ्याकडं आले. चेहरा एवढासा. "म्हंजी बगा. जित्यात न्हाई, पित्रात न्हाई. मग बसायचं कुठं तिनं?" पुढं वर्षश्राद्ध होतंच. पण त्याचीच तर खरी धास्ती. पुन्हा पिंड ठेवायचे आणि पुन्हा कावळा नाही शिवला तर? त्यात मुलाचा फोन, की वर्षश्राद्ध पुण्यालाच करू, हॉल मिळतो, भटजी, जेवण सगळं त्यातच. तात्या मला विचारत होते, "पुण्याचे कावळे तिला वळखतील का?"

असं सगळं चाललेलं असताना आमच्या पोरांनी हॅलोविन काढलं.

दिवाळीची सुट्टी संपत आलेली. फटाके संपले, फराळातल्या फक्त चकल्या उरल्या. पोरांना काही उद्योग नाही. कॉलनीतली सायली, आठवीला आहे, तिनं मोबाइलवर बघितलं आणि सगळ्यांना गोळा केलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी भुतं व्हायचं, दारोदार जायचं, खाऊ मागायचा. भोपळा कोरून त्यात दिवा लावायचा. चिमीनं माझी पांढरी चादर ओढली, डोळ्यांना भोकं पाडली आणि मग विचारलं, "आई, ही घेऊ का?" पहिलीतल्या पोरीला काय बोलायचं? धपाटा घातला एक.

सायली आणि चिमी ओट्यावर डांगर कोरत बसल्या होत्या. तांबडा भोपळा, आमच्याकडं डांगर म्हणतात त्याला. तात्या भिंतीवरून बघत होते. मला कळलंच, आता प्रश्न येणार.

"डांगराला डोळे कावून पाडलेत?"

"हॅलोविन आहे, आजोबा," सायली म्हणाली.

"मूळ काय त्याचं?"

सायलीनं माझ्याकडं बघितलं आणि मी मोबाइल काढला. म्हटलं, वाचून दाखवावं आणि सुटका करून घ्यावी. फार जुनी गोष्ट, आयर्लंड नावाचा एक देश, तिथले लोक गुरं पाळणारे. उन्हाळाभर गुरं डोंगरावर चारायची आणि थंडी सुरू व्हायच्या आधी खाली आणायची. तो त्यांचा सण. मोठमोठे जाळ करायचे आणि दोन जाळांच्या मधून जनावरं काढायची.

तात्या भिंतीवर कोपर टेकून उभे होते ते सरळ झाले. "जाळामधून? ते गोचिडासाठी असंल. धुरानं गोचीड पडती. आन् मग?"

"मग काय, हिवाळा सुरू. त्यांचं असं म्हणणं की त्या रात्री या जगाचं आणि त्या जगाचं दार उघडं असतं. गेलेली माणसं आपापल्या घरी येतात. म्हणून दाराशी त्यांच्यासाठी खायला ठेवायचं."

मी पुढं वाचत गेले. नको ती भुतंही त्याच दारातून येतात, म्हणून माणसं तोंडं रंगवून फिरायची, म्हणजे जिवंत कोण आणि मेलेला कोण ते त्यांना कळू नये. मुळ्यासारखा एक कंद पोखरून त्यात दिवा ठेवायचे. पुढं ती माणसं अमेरिकेला गेली, तिथं भोपळे मिळाले. मधल्या काळात गोरगरीब दारोदार जायचे, त्यांना गोड टिक्क्या द्यायच्या. त्यांनी त्या खायच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची.

"म्हंजी त्यांनी खाल्लं की तिकडं पोचतं?"

"असं ते मानायचे, तात्या."

"हे मेंढरावाल्यांचं हाय," तात्या हळू आवाजात म्हणाले. मग एकदम जोरात, "बाई, हे आमचंच हाय की! आमी पोरं दिवाळीला लव्हाळ्याची दिवटी घिऊन दारोदार जनावरं ववाळायला जायचो. लोक तेल घालायचे, खोबरं द्यायचे."

"आणि नाही दिलं तर?" सायलीनं विचारलं.

"तर गाणं म्हनायचो. लई वंगाळ गाणं."

"सेम ट्रिक ऑर ट्रीट! खाऊ द्या, नाहीतर खोड्या काढू!" सायली ओरडली. चिमीनं ते वंगाळ गाणं म्हणून दाखवायचा हट्ट धरला. तात्यांचं लक्षच नव्हतं. ते मला म्हणाले, "ह्यात वर्षाच्या आतलं, वर्षाच्या भायेरचं, असं काय हाय का? नेम?"

मी मोबाइलवर खालीवर करून बघितलं. "नाही दिसत तसं काही."

माणसाच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी कधी बघितली नव्हती. देवा रे, म्हटलं, हे तर खरं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. हातात पातेलं, पातेल्यात कोरलेल्या डांगराचा सगळा गर. तो त्यांनी पोरींकडून मागून घेतला होता. "घाऱ्या शिकवा. भुतं येतील तवा दारात ठेवायच्यात."

तात्यांना स्वयंपाकातलं ओ की ठो येत नाही. काकू असेपर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळायचा. काकू गेल्यावर डबा लावला. मी गर शिजवला, त्यात गूळ घातला, तर विचारतात, साखर कावून न्हाई? कणीक घातली, तर तांदळाचं पीठ कावून न्हाई? मी लाटणं दाखवून गप्प केलं. मग पीठ मळायला त्यांनी हात घातला आणि एकदम काढला. "अंगात ताप हाय ह्याच्या." अहो, गरम गूळ आहे तो! घारी तेलात सोडली, टम्म फुगली, तर घाबरून मागं सरकले. "पोटफुगी! पोटफुगी झाली!" मला हसू आवरेना. खूप दिवसांनी तात्यासुद्धा हसले, मिशी हलेपर्यंत.

हसण्याच्या भरात मी सहज विचारलं, "काकूंना फार आवडायच्या वाटतं घाऱ्या?"

तात्यांचं हसू तिथंच विझलं. झारा हातात धरून ते कढईकडं बघत राहिले.

"मालूम न्हाई, बाई."

"म्हणजे?"

"करायची लई. आमी बसायचो, ती वाढायची. आमचं झालं की मागनं बसायची. काय उरायचं, काय खायची, कदी वळून बगितलं न्हाई." त्यांनी झारा खाली ठेवला. "घाटावर सगळे म्हनले, बोला, तिचं काय राह्यलं ते बोला. मला मालूम असतं तर बोललो असतो. सगळ्या दुनियेचं मूळ इचारत फिरलो. तिला, तुला काय पायजे, येवढं इचारलं न्हाई. तिनं बी कदी मागितलं न्हाई."

तेलात एक घारी करपायला लागली होती. मी ती काढली आणि गॅस बारीक केला. माझ्या डोळ्यांसमोर काकू आल्या, भिंतीपलीकडं भांडी घासताना. शेजारी राहून मलाही त्यांच्या आवडीचं काहीच सांगता आलं नसतं.

कॉलनीत ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी शिंदे वहिनींनी मला गाठलं. "अहो बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळू नये? वर्षाच्या आतलं घर, त्यात मेलेल्या माणसाच्या नावानं ताट, आणि ते आपल्या लेकरांनी खायचं? माझी पोरं त्या दाराला जाणार नाहीत. गेली तरी पिशवीत घेऊन यायचं, तोंडाला लावायचं नाही, असं बजावलंय मी."

खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. मी वर्गात पोरांना सांगते, भूतबित काही नसतं. पण चिमी जरा बारीक आहे, पावसाळ्यात तिला ताप येऊन गेला होता. आईच्या मनाला कोण समजावणार? घरी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "गुळाच्या घाऱ्या आहेत त्या, बॉम्ब नाहीत." पुरुषांचं बरं असतं.

मला दुसरीही भीती होती, आणि ती मोठी होती. पोरं गेलीच नाहीत तर? किंवा गेली आणि खाल्लं नाही तर? कावळ्यांनी पाठ फिरवली, आता पोरांनी फिरवली, की हा माणूस वर्षश्राद्धाला घाटावर उभा राहायचा नाही. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

आणि तो दिवस आला. दिवे लागायची वेळ झाली तशी मी फाटकात जाऊन उभी राहिले. तात्यांनी अंगण झाडलं होतं, सडा टाकला होता. अंगावर पांढरं धोतर, डोक्याला पटका, लग्नाला निघाल्यासारखे. उंबऱ्यावर पाट, पाटावर ताट, ताटात घाऱ्यांची चळत. बाजूला पाण्याचा तांब्या. सारखे आत जात होते, बाहेर येत होते, तांब्या इकडचा तिकडं ठेवत होते. "बाई, दिशा कंची पायजे? ते बगायचं राह्यलं."

"कुठलीही चालते, तात्या. बसा तुम्ही."

"येतील ना?"

"येतील."

रस्त्याच्या टोकाकडून कलकलाट ऐकू आला. पोरं निघाली होती. पुढं सायली, तोंडाला पावडर आणि ओठांच्या कोपऱ्यातून खाली काजळाची रेघ. मागं एक सांगाडा, दोनचार हडळी, डोक्याला टॉयलेट पेपर गुंडाळलेला कोणीतरी, आणि सगळ्यांत शेवटी माझी चादर, दोन्ही हातांनी वर धरलेली, चालताना अडखळणारी. एकेक घर करत ती आली. आमच्याकडं चॉकलेटं घेतली. मग तात्यांच्या फाटकापाशी येऊन घुटमळली. शिंद्यांची पोरं मागच्या मागं सरकली.

तात्या उभे राहिले. हात जोडले. "या," म्हणाले. "बसा."

भुतांना कोणी हात जोडेल, या म्हणेल, असं पोरांना वाटलं नव्हतं. सायलीनं "ट्रिक ऑर ट्रीट" म्हटलं, पण अगदी हळू. सगळी आत गेली, मागून शिंद्यांची पोरंही. तात्या प्रत्येकाच्या हातावर घारी ठेवत होते. कोणाला नाव विचारलं नाही. सायली म्हणाली, "आजोबा, ओळखलं का मला?" तर घाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई. वळखायचं नसतंय."

पोरांनी घाऱ्या घेतल्या आणि पिशवीत टाकल्या. एकेक घारी पिशवीत पडत होती आणि तात्या त्या पिशव्यांकडं बघत होते.

"हितं खा की," ते म्हणाले. "येक घास. गरम हाय."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. "आईनं सांगितलंय, घरी जाऊनच खा," सांगाडा म्हणाला. सायलीनं मान खाली घातली. तात्या ताट हातात घेऊन तसेच उभे. घाटावर तोंड उघडून मिटत होते ना, तसंच आताही चाललं होतं.

चादरीनं वळून माझ्याकडं बघितलं. भोकांतून चिमीचे डोळे. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. पण बाकीच्यांचं ऐकून ती थांबली होती आणि विचारत होती, आई, खाऊ का? ताप, वर्षाच्या आतलं घर, शिंदे वहिनी, सगळं एकदम आठवलं. मी मान हलवली. खा.

तिनं चादर नाकापर्यंत वर केली आणि घारी तोंडात कोंबली. सगळीच्या सगळी. गाल फुगले. तात्या वाकून बघत होते. चिमीनं गिळलं, हाताच्या पाठीनं तोंड पुसलं आणि हात पुढं केला.

"अजून एक."

"काय म्हनलात?"

"अजून एक द्या."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. "बाई," ते म्हणाले, "मागितलं. मागितलं बगा तिनं." आणि ताट घेऊन ते त्या चादरीपुढं खालीच बसले. "घ्या. सगळ्या घ्या. अजून काय पायजे? काय पायजे ते सांगा, लाजू नका. मी ऐकतो. काय बी सांगा."

मला पुढचं नीट दिसेना, पदरानं डोळे पुसले. बाकीच्या पोरांनी काय ओळखलं देव जाणे, पण सायलीनं पिशवीत हात घालून घारी काढली आणि दाताखाली धरली. मग सांगाड्यानं. शिंद्यांच्या पोरानंसुद्धा एक तुकडा मोडला, माझ्याकडं चोरून बघत.

चिमी विचारात पडली होती. तिला कोणी काय पाहिजे असं विचारलं की ती मनापासून विचार करते. दुसरी घारी संपवली आणि म्हणाली, "आता शिंद्यांच्या घरी जायचंय. त्यांचं कुत्रं अंगावर येतं. तुम्ही चला माझ्यासंगं."

"मी?"

"हां. माझा हात धरा."

तात्या उठले. पाय आखडले होते, उठताना दाराच्या चौकटीला धरावं लागलं. काकू गेल्यापासून माझ्या घराशिवाय कोणाच्या दारात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. दुखवट्यातला माणूस म्हणून लोक बोलवत नव्हते आणि फिकर करत तेही जात नव्हते. ते फाटकापर्यंत आले आणि माझ्यापाशी थांबले.

"बाई, जाऊ का मग?"

"जा की. मी बसते इथं. दार ओढून घेऊ का?"

त्यांनी मागं वळून बघितलं. घर उघडं, आत दिवा, उंबऱ्यावर ताट. "न्हाई. असू द्या उघडं," म्हणाले. "मागनं बसायची सवय हाय तिला."

चादरीनं त्यांचा हात ओढला आणि सगळी वरात शिंद्यांच्या घराकडं निघाली. कुत्रं भुंकायला लागलं, मग तात्यांनी जनावरांना घालायची कसलीशी हाळी घातली आणि ते गप्प झालं. पोरं हसली. मी तात्यांच्या पायरीवर जाऊन बसले. ताटात थोड्या घाऱ्या उरल्या होत्या. उघडं ताट बघवेना म्हणून झाकायला हात पुढं केला, आणि मग तो मागं घेतला.